अंगणवाडी, बालवाडी आणि सरकारी पैसा: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात बजेटचे दिवस आले की रस्ते, मेट्रो आणि उड्डाणपुलांवर पानठेल्यापासून वकिलांच्या बाररूमपर्यंत सगळे बोलतात. अंगणवाडीवर कोणी आपणहून बोलत नाही. विषय काढला की मात्र प्रश्न येतात, आणि बहुतेक वेळा तेच ते. बचत गटाच्या बैठकांत, वस्तीतल्या सभांत आणि फोनवर येत राहिलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवलेत. सगळं सलग वाचायची गरज नाही. आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा.

१. लहान मुलांवरची सरकारी गुंतवणूक म्हणजे नेमका कोणता खर्च?

आई गरोदर असल्यापासून मूल सहा वर्षांचं होईपर्यंत सरकार जो खर्च करतं तो सगळा. त्यातला मोठा वाटा एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा, म्हणजे आपल्या अंगणवाडीचा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांपासून ही योजना सुरू झाली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत, महाराष्ट्रात साधारण १ लाख १० हजार. कागदावर कामं सहा: पूरक आहार, शाळापूर्व शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरज पडली तर मोठ्या दवाखान्यात पाठवणं) आणि आईला आहार-आरोग्याचं शिक्षण.

याशिवाय आशाताईंच्या बाळंतिणीकडच्या भेटी, मातृवंदना योजनेचे पैसे, पाळणाघरं हेही त्यातच येतं. काटोल-उमरेडकडच्या गावांतली अंगणवाडी जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडे असते, शहरातली नागरी बालविकास प्रकल्पाकडे. तक्रार कुठे करायची, हा गोंधळ बहुतेकदा इथेच होतो.

२. खिचडी पोटात गेली, संपली. हा खर्च झाला. गुंतवणूक कशी काय?

आज पैसा घातला आणि पुढे त्यातून कमाई वाढली किंवा खर्च वाचला, तर हिशेबाच्या भाषेत ती गुंतवणूक. लहान मुलांच्या बाबतीत दोन्ही होतं. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाआधी होते, हे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच लिहिलं आहे. त्या काळात पोट अर्धं राहिलं, वारंवार जुलाब झाले, कोणी बोललं-खेळलं नाही, तर उंची खुंटते आणि सोबत शिकण्याची ताकदही. पुढे तेच मूल चौथीत वाचताना अडखळतं, दहावीआधी शाळा सोडतं, मजुरीला लागतं. सरकारला मग पुरवणी वर्ग काढावे लागतात, दवाखान्यावर जास्त खर्च होतो आणि कर कमी मिळतो.

जागतिक बँकेचा मानवी भांडवल निर्देशांक हेच आकड्यात सांगतो. २०२० मध्ये भारताचा आकडा ०.४९ होता. आज जन्मलेलं मूल, पूर्ण आरोग्य आणि पूर्ण शिक्षण मिळालं असतं तर मोठेपणी जेवढं उत्पादन करू शकलं असतं, त्याच्या निम्म्याच्या आसपास करेल, असा त्याचा अर्थ.

३. परताव्याचा पुरावा काय? की नुसती भाषणं?

पुरावा आहे, आणि बराच जुना आहे. सगळ्यांत जास्त नाव घेतलं जातं ते अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या पेरी प्रीस्कूलचं. १९६२ पासून तिथे गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या १२३ मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एकाला चांगली बालवाडी आणि शिक्षिकेच्या घरभेटी मिळाल्या, दुसऱ्याला नाही. मग ती मुलं चाळिशी ओलांडेपर्यंत त्यांचा माग ठेवला. जेम्स हेकमन आणि सहकाऱ्यांच्या हिशेबाने परतावा वर्षाला ७ ते १० टक्के निघाला. (हेकमन यांना २००० सालचं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सांख्यिकी पद्धतींसाठी. “बालशिक्षणावरच्या कामाला नोबेल” हा व्हॉट्सॲपवरचा मजकूर पुढे पाठवू नका.)

मला स्वतःला आपल्या परिस्थितीच्या जवळचे वाटतात ते दुसरे दोन अभ्यास. जमैकाच्या किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये उंची खुंटलेल्या १२९ बाळांवर प्रयोग झाला. ज्या घरांत आरोग्य सेविका दर आठवड्याला जाऊन, साध्या खेळण्यांनी बाळाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं हे आईला दाखवत होत्या, तिथली मुलं वीस वर्षांनी इतरांपेक्षा २५ टक्के जास्त कमावत होती. ना इमारत, ना टॅब, ना गणवेश. ग्वाटेमालात १९६९ ते १९७७ दरम्यान काही गावांत प्रथिनयुक्त पेज दिली, काहींत नुसतं गोड सरबत. दोन वर्षांच्या आत पेज मिळालेल्या मुलग्यांची तासाची मजुरी मोठेपणी ४६ टक्क्यांनी जास्त भरली.

४. हे सगळं परदेशातलं. भारतात कोणी केलंय का?

केलंय. तमिळनाडूत ६४० अंगणवाड्यांचा अभ्यास झाला. निम्म्या ठिकाणी एक जादा, अर्धवेळ कार्यकर्ती फक्त शाळापूर्व शिक्षणासाठी दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांचे गणित आणि भाषेचे गुण वाढले. पण नोंद घ्यावी अशी गोष्ट वेगळीच होती: उंची खुंटलेल्या आणि तीव्र कुपोषित मुलांचं प्रमाणही घटलं. कारण आधीपासूनच्या सेविकेला आहार आणि घरभेटींसाठी हात मोकळे मिळाले. संशोधकांच्या ढोबळ अंदाजाने दूरचा फायदा खर्चाच्या १३ ते २१ पट.

ओडिशातल्या गावांत जमैकासारखाच प्रयोग झाला. घरोघरी भेट देण्याऐवजी आयांना गटात एकत्र बोलावलं, तरी मुलांच्या विकासावरचा परिणाम जवळपास तेवढाच राहिला आणि खर्च तिसऱ्या हिश्श्याहून कमी झाला. आपल्या बचत गटांसाठी हा सरळ कामाचा मुद्दा आहे.

आणि एवढ्या लांब जायचीही गरज नाही. आपल्याच मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचा, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखायचा. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढे आशाताईंच्या घरभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यावरच बेतला गेला.

५. सात टक्के तर बँकेच्या एफडीतही मिळतात. मग त्यात विशेष काय?

हा प्रश्न व्यापारी मंडळी हमखास विचारतात आणि प्रश्न रास्त आहे. एफडीचे ७ टक्के महागाईसकट असतात. महागाई ५ टक्के धरली तर हातात २ टक्के उरतात. पेरीचे ७ ते १० टक्के महागाई वजा करून आहेत. फरक किती पडतो पाहा: १०० रुपये खऱ्या २ टक्क्यांनी ३० वर्षांत १८१ होतात, खऱ्या ७ टक्क्यांनी ७६१.

मात्र पेरीचा आकडा उचलून नागपूरला चिकटवू नये. तिथल्या फायद्याचा मोठा भाग गुन्हे कमी झाल्याने वाचलेल्या पैशातून आला, आणि अमेरिकेत तुरुंग व न्यायालयांचा खर्च प्रचंड आहे. मुलंही १२३ च होती. आपल्याकडे फायदा येईल तो मुख्यतः कमाई, शालेय टप्पे आणि आरोग्य यांतून. म्हणून कोणी सभेत “एक रुपयाचे सात रुपये” असं ठोकून दिलं, तर कुठल्या कार्यक्रमाचे, असं विचारा.

६. आपलं मूल आपण पाहावं. सरकारने का खर्च करायचा?

आईबाप करतातच. पण दोन अडचणी आहेत. एक, मुलाच्या पंचवीस वर्षांनंतरच्या पगाराच्या जोरावर आज कोणती बँक कर्ज देणार? ट्रॅक्टरला कर्ज मिळतं, बाळाच्या दुधाला मिळत नाही. दोन, फायदा घरापुरता राहत नाही. लसीकरण झालेलं मूल शेजारच्या मुलालाही वाचवतं, शिकलेला कामगार मालकालाही कमावून देतो. ज्याचा फायदा सगळ्यांत वाटला जातो त्यावर एकटं घर पुरेसा खर्च करत नाही, हे अर्थशास्त्रातलं जुनं गणित आहे.

कायदाही आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनंतर कलम ४५ सांगतं की सहा वर्षांखालच्या सर्व मुलांच्या संगोपन व शिक्षणासाठी राज्याने प्रयत्न करावेत. अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला स्थानिक अंगणवाडीतून मोफत आहार हा हक्क आहे. त्यात उत्पन्नाची अट नाही. पिवळं रेशनकार्ड मागणाऱ्यांना हे सांगा.

७. एका मुलामागे दिवसाला किती मिळतात? ऐकलंय आठ रुपये?

बरोबर ऐकलंय. पूरक आहाराचा दर सर्वसाधारण मुलासाठी ८ रुपये, गरोदर-स्तनदा मातेसाठी ९ रुपये ५० पैसे, तीव्र कुपोषित मुलासाठी १२ रुपये. हे दर २०१७-१८ च्या सुमारास ठरले. वर्षाचे ३०० दिवस धरले तर एका मुलाचे २,४०० रुपये. शंकरनगर चौकात तर्री-पोह्याची एक प्लेट मागवून बघा, आठ रुपये किती होतात ते कळेल. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या भाषणात हे दर वाढवण्याची घोषणा झाली. त्या वर्षी सक्षम अंगणवाडी व पोषण २.० साठी (अंगणवाडी योजनेचं हे आजचं नाव) केंद्राची तरतूद २१,९६० कोटी होती आणि लाभार्थ्यांत ८ कोटींहून जास्त मुलं.

आहाराचा खर्च केंद्र-राज्य निम्मा-निम्मा उचलतात, बाकीचा बहुतेक ६०:४०.

८. आमची पोरगी कॉन्व्हेंटच्या नर्सरीत जाते. अंगणवाडी गरिबांसाठी, नाही का?

नाही. हक्क सगळ्यांचा आहे (प्रश्न ६). कॉन्व्हेंट चांगलं की अंगणवाडी, याचं उत्तर पाटीवरून मिळत नाही. वर्गात जाऊन बसा. मुलं बोलतात की नुसती शिक्षिका बोलते? मातीत, पाण्यात, ठोकळ्यांत हात जातात की वहीत ‘अ’ गिरवणं चाललंय? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला झाडाखाली, अंगणात जी बालवाडी चालवली तिच्यात बेंच नव्हते.

तीन वर्षांखालच्या मुलांचं तर कॉन्व्हेंट काहीच करत नाही. वजन, दंडघेर, लस, घरी येणारा कोरडा आहार या सगळ्यासाठी अंगणवाडीत नाव असलेलं बरं.

९. लवकर लिहा-वाचायला शिकवलं तर फायदा लवकर मिळेल ना?

उलट होऊ शकतं. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात सरकारी पूर्वप्राथमिक वर्गांचा मोठा अभ्यास झाला. सुरुवातीला मुलं पुढे दिसली; सहावीत पोहोचेपर्यंत, २०२२ च्या निष्कर्षानुसार, ती इतरांच्या मागे पडली होती आणि शिस्तीच्या तक्रारीही जास्त होत्या. कारणांवर वाद आहे, पण एवढं पक्कं की ‘बालवाडी’ नावाचा कोणताही वर्ग काढला की परतावा येतोच असं नाही. आपल्याकडे २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही तीन ते आठ वयासाठी खेळावरच भर देतो. पालक मात्र दिवाळीत पाहुण्यांसमोर एबीसीडी म्हणून घेतात, आणि शाळा पालकांना हवं ते विकतात.

१०. भानगड कशाला? पैसे सरळ आईच्या खात्यात टाका.

काही ठिकाणी पैसेच योग्य. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. बाळंतपणात मजुरी बुडते, त्याला रोखच लागते. पण पैशाने बाजारात मिळतं तेच विकत घेता येतं. वस्तीत दर महिन्याला बाळाचं वजन घेणारी, लसीची आठवण करणारी, आईला खेळ दाखवणारी बाई दुकानात मिळत नाही. दोन्ही लागतं.

११. मी हिंगणा एमआयडीसीत कामाला आहे. अंगणवाडी दुपारी सुटते. माझ्या काय उपयोगाची?

ताई, तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि या विषयातला सगळ्यांत दुर्लक्षित भाग हाच. अंगणवाडीची वेळ कारखान्याच्या पाळीशी जुळत नाही. मग सात-आठ वर्षांची मोठी बहीण शाळा बुडवून बाळ सांभाळते, म्हणजे एका मुलाच्या सोयीसाठी दुसरीचं नुकसान.

५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असणं २०१७ च्या प्रसूती लाभ कायदा दुरुस्तीपासून बंधनकारक आहे. असंघटित कामगारांसाठी ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडी-कम-पाळणाघर काढता येतं. आर्थिक फायदा इथे लगेच दिसतो, कारण आई कामावर जाऊ शकते. बाळ मोठं व्हायची वाट पाहावी लागत नाही. कॅनडातल्या क्युबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला ५ डॉलरमध्ये पाळणाघर सुरू केलं तेव्हा आयांची नोकरी झपाट्याने वाढली. काही मुलांच्या वागण्यात मात्र बिघाड दिसला. तेव्हा पाळणाघर म्हणजे चार भिंती आणि गाद्या, एवढ्यावर थांबू नये. एका बाईकडे किती बाळं, हे आधी विचारा.

१२. नवी इमारत, रंगीत भिंती, टीव्ही आला. अंगणवाडी ‘स्मार्ट’ झाली. आता तरी सुधारणा होईल ना?

छप्पर गळत असेल तर इमारत हवीच, आणि संडास-पाणी तर आधी हवं. पण प्रश्न ३ आणि ४ मधले अभ्यास पुन्हा बघा: पैसे जिथे फळले तिथे ते माणसाच्या वेळेवर खर्च झाले होते. आपल्याकडे नेमकं तिथेच कात्री लागते. एखाद्या अंगणवाडीत साडेदहा-अकराला जाऊन बसा. सेविका एका हाताने पोषण ट्रॅकरवर, म्हणजे सरकारी मोबाइल ॲपवर, हजेरी टाकतेय, नेटवर्क नाही म्हणून दाराबाहेर उभी आहे, मदतनीस कुकरपाशी, आत पंधरा-वीस पोरं एकमेकांच्या चपला लपवतायत. त्यात निवडणुकीची ड्युटी लागली, सर्वेक्षण लागलं, की शाळापूर्व शिक्षण रजिस्टरपुरतं उरतं.

केंद्राचा मानधनातला वाटा २०१८ पासून सेविकेसाठी ४,५०० आणि मदतनिसाला २,२५० असा आहे. वरचे राज्य घालतं. त्यांना ग्रॅच्युइटी लागू होते हे ठरायलाही २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. भिंतीवरच्या मिकी माउसचं उद्घाटन होतं, जादा कार्यकर्तीचं होत नाही, एवढाच त्यामागचा हिशेब असावा असं मला वाटतं.

१३. महाराष्ट्र इतकी वर्षं खर्च करतोय, तरी कुपोषण का हटत नाही?

हटत होतं, मग अडकलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यात उंची खुंटलेली पाच वर्षांखालची मुलं २००५-०६ मध्ये ४६ टक्के होती, २०१५-१६ मध्ये ३४. मधल्या काळात, २००५ मध्ये, कुपोषणाविरुद्धचं राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं होतं आणि रिकाम्या जागा भरणं, पहिल्या हजार दिवसांवर (गर्भापासून दोन वर्षांपर्यंत) लक्ष देणं यावर भर होता. २०१९-२१ मध्ये आकडा ३५ वरच राहिला. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुलं तर दोन्ही वेळा २५.६ टक्के. नुसता आहार वाटून इथून पुढे सरकता येणार नाही. आईचं लग्नाचं वय, तिचं रक्त, पिण्याचं पाणी, संडास हे सगळं त्यात आहे.

१४. सेविकेने पोराला ‘सॅम’ सांगितलं. पण तो तर दिवसभर बागडतो!

‘सॅम’ म्हणजे तीव्र कुपोषित. बागडतो म्हणून निश्चिंत राहू नका. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला पट्टी लावतात: ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषित, १२.५ पर्यंत पिवळा, म्हणजे मध्यम. दंड ठीक असून उंचीच्या मानाने वजन फार कमी असलं तरी मूल सॅममध्ये येतं, म्हणून पट्टीवर वाद घालण्याआधी वजन-उंची दोन्ही तपासून घ्या. भूक असेल आणि दुसरा आजार नसेल तर ग्राम किंवा नागरी बालविकास केंद्रात भागतं. ताप, सूज, जेवण न जाणं असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करावंच लागतं. मजुरी बुडते म्हणून आई तिसऱ्या दिवशी घरी निघते, हे नेहमीचं. बुडीत मजुरीबद्दल तिथे विचारा, लाजू नका.

१५. आमचे पोट्टे शेवटी पुण्यालेच जातात. नागपूरनं कायले खर्च करायचा?

सगळ्या प्रश्नांत मला आवडलेला हा एक. तर्क बरोबर आहे: खर्च इथे, कर तिथे. म्हणूनच कोणतंही शहर एकट्याच्या जिवावर यावर पुरेसा खर्च करत नाही, आणि म्हणूनच केंद्राचा वाटा मोठा असला पाहिजे. पण गणिताची दुसरी बाजूही बघा. सगळेच जात नाहीत. बुटीबोरी, मिहान, कळमना मार्केट, शेतं आणि दवाखाने इथल्याच माणसांवर चालतात. शिवाय बालाघाट, शिवनी, छिंदवाड्यात वाढलेली मुलं आपल्याकडे कामाला येतात. त्यांच्या लहानपणावर मध्य प्रदेशाने जो खर्च केला किंवा केला नाही, तो आपल्याच कारखान्यात दिसतो.

१६. आम्ही वीटभट्टीवर सहा महिने असतो. इथली सेविका म्हणते नाव गावाकडे आहे.

नाव गावाकडे असलं तरी आहार इथल्या अंगणवाडीतून मिळू शकतो. पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतराची नोंद करण्याची सोय आहे. बाळाचं आधार नाही म्हणून परत पाठवत असतील तर आईच्या आधारवर नोंद होते हे सांगा. बाळाचं लसीकरण कार्ड सोबत ठेवा.

भट्टीपासून अंगणवाडीच लांब असेल तर वेगळा रस्ता आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ डिसेंबर २००६ च्या आदेशानुसार ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत पण अंगणवाडी नाही, ती मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळण्यास पात्र आहे. मुलांची नावं आणि वयं लिहून, पालकांच्या सह्या किंवा अंगठे घेऊन अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या. ४० भरत नसतील तर शेजारच्या दोन भट्ट्यांची मुलं एकत्र मोजा.